सुधारायला सांगणारे आणि सोबत उभे राहणारे

१ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस दाराशी होता, यंत्रं आली होती, पण कामगार रोज येत नसत. कोणत्याही दिवशी शंभरातले साधारण ऐंशी हजर असायचे. गिरणीमालकांच्या हाताशी यावर नेहमीचे उपाय होते: दंड लावायचा, नाव कापायचं, आणि इथला माणूस मुळातच सुस्त आहे असं म्हणून मोकळं व्हायचं. जमशेटजी टाटांनी यातलं काही केलं नाही. कामगारांसाठी भविष्य निर्वाह निधी, विमा आणि निवृत्तिवेतन सुरू केलं. कुटुंबासह खेळांचे दिवस ठरवले, बक्षिसं दिली. रोज येण्यात आपलाही काही फायदा आहे हे कामगारांना दिसू लागलं, आणि गिरणीची शिस्त त्यातून बसली.

विदर्भातला माणूस आळशी, हे वाक्य पुण्या-मुंबईत आजही सहज ऐकू येतं. नागपुरातले लोकही ते स्वतःबद्दल बोलतात. म्हणून ही दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. माणसाने स्वतःला सुधारावं, आपल्या आयुष्याची जबाबदारी घ्यावी, या अपेक्षेत गैर काहीच नाही. प्रश्न पुढचा आहे. ही अपेक्षा करणारा स्वतः काय देतो? गेल्या शतकभरात नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत माणूस घडवण्याचे जितके प्रयोग झाले तितके देशात क्वचितच एका ठिकाणी झाले असतील. त्या सगळ्यांना हा एकच प्रश्न विचारून पाहिला, की कोणता प्रयोग का टिकला आणि आज आपलं काय हरवलंय, हे बरंच स्पष्ट होतं.

नुसती यादीच पाहा. १९२५ मध्ये नागपूरच्या महाल भागात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ सुरू झाला आणि रोजच्या शाखेची शिस्त आली. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला राहायला गेले, तिथल्या प्रार्थनेत रोज एकादश व्रतांचा उच्चार होई. मोझरीला तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज उभा राहिला. त्यांची ग्रामगीता कुणा देवाला किंवा गुरूला वाहिलेली नाही, ती ग्रामनाथाला, म्हणजे गावालाच अर्पण केली आहे. गाडगेबाबा तर दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून विचारून त्यांच्याच तोंडून उत्तरं काढायचे. विचारसरणी एकमेकींपासून कोसभर दूर, काही ठिकाणी थेट विरोधात. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी. सुधारण्याचं काम कुणीही एकट्याने, घराचं दार लावून करायचं नव्हतं. मैदानात, प्रार्थनेच्या वेळी, कीर्तनात, गावाच्या रस्त्यावर, चार माणसांसोबत करायचं होतं.

या सगळ्यांत मला सर्वांत पूर्ण वाटणारा क्षण मात्र फारसा सांगितला जात नाही. जुलै १९४२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली. तिच्या जोडीने २० जुलैला महिलांची परिषद झाली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. वीस-पंचवीस हजार बाया जमल्या. बिडीच्या कारखान्यात, गिरणीत, नगरपालिकेच्या सफाईत राबणाऱ्या या बाया होत्या. डॉ. आंबेडकर त्यांच्याशी जे बोलले ते आजच्या भाषेत सरळसरळ आत्मसुधारणेचं भाषण म्हणता येईल. स्वच्छ राहा, व्यसनांपासून दूर राहा, मुलांना शिकवा, त्यांच्या मनात मोठं होण्याची इच्छा जागवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, फार मुलं होऊ देऊ नका. आणि लग्न झालेल्या बाईने नवऱ्याची मैत्रीण, त्याच्या बरोबरीची माणूस म्हणून उभं राहावं, गुलाम होण्याला नकार द्यावा.

एवढंच भाषण हाती असतं तर कुणीही म्हणालं असतं, गरिबाला उपदेश करणं सोपं असतं. पण त्याच परिषदेचे ठराव सोबत वाचले की चित्र बदलतं. बायकांनी घटस्फोटाचा हक्क मागितला. बहुपत्नीत्व बंद करणारा कायदा मागितला. कामगार बायांना पगारी रजा, कामावर इजा झाली तर भरपाई, म्हातारपणी निवृत्तिवेतन, गिरण्यांमध्ये बायांवर देखरेख करायला बाईच असावी, मुलींसाठी वसतिगृहं, कायदेमंडळात जागा. म्हणजे एका हाताने स्वतःकडे बोट आणि दुसऱ्या हाताने गिरणीमालकाकडे, सरकारकडे. मुलीच्या लग्नाची घाई करू नको असं आईला सांगायचं, तर मुलीला राहायला वसतिगृह लागतं. गुलाम होऊ नको असं बायकोला सांगायचं, तर तिला घरातून बाहेर पडण्याचा कायदेशीर रस्ता लागतो. हे दोन्ही एकाच मांडवात बोललं गेलं, आणि ज्यांच्याकडून अपेक्षा केली जात होती त्याच बायकांनी मागणीही केली.

चौदा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरच्या दीक्षाभूमीवर बौद्ध धम्माची दीक्षा घेताना लाखो लोकांनी ज्या २२ प्रतिज्ञा घेतल्या त्यांची रचनाही अशीच आहे. चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही या प्रतिज्ञा वैयक्तिक आचरणाच्या. पण त्यांच्या शेजारीच, सर्व माणसं समान आहेत असं मी मानतो आणि समतेसाठी झटेन, ही प्रतिज्ञा आहे. एक दुसरीवाचून अपुरी. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी लोकांना सांगितलं की तुमची जबाबदारी आता मोठी आहे, इतरांना तुमच्याबद्दल आदर वाटेल असं वागायला हवं. त्याच भाषणात प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा भाग या कार्याला द्यावा असंही सांगितलं. आचरणाला अर्थव्यवहाराचा आधार जोडणारी ही दृष्टी होती. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्या दिवशी योगायोगाने नागपुरात असलेले इंग्रज भिक्खू संघरक्षित कस्तुरचंद पार्कवरच्या शोकसभेत बोलले आणि पुढचे दिवस वस्त्या-वस्त्यांत फिरले. दीक्षा घेऊन दोन महिनेही न झालेले लोक पोरके झाले होते. त्यांची प्रतिज्ञा टिकली ती वस्तीतल्या विहारामुळे, संध्याकाळच्या वंदनेमुळे, १९६४ मध्ये दीक्षाभूमीवर उघडलेल्या महाविद्यालयासारख्या संस्थांमुळे, आणि शेजारच्या माणसानेही तीच प्रतिज्ञा घेतली होती म्हणून.

आता थोडं नागपुरातल्याच टिमकी-गोळीबार चौकाकडे वळू. हा विणकरांचा भाग. इथल्याच एका कोष्टी कुटुंबात १९२१ मध्ये जुमदेव ठुब्रीकर जन्मले. बाबा जुमदेवजी या नावाने त्यांना आज विदर्भात, शेजारच्या मध्य प्रदेशात आणि छत्तीसगडमध्ये असंख्य कुटुंबं मानतात. घराच्या दारावर ‘परमात्मा एक’ अशी पाटी दिसली की ते त्यांच्या सेवकाचं घर. चार तत्त्वं, तीन शब्द, पाच नियम अशी त्यांची शिकवण आहे. तीन शब्द म्हणजे सत्य, मर्यादा, प्रेम. नियमांत दारू, जुगार, सट्टा सोडणं येतं, कुटुंबात एकी ठेवणं येतं आणि कुटुंब मर्यादित ठेवणंही येतं. मांत्रिक, भगत, अंगात येणं, करणी-भानामती यांच्या नादाने कर्जात बुडालेल्या घरांना यातून मोठा आधार मिळाला.

मराठी बुद्धिवंतांनी या चळवळीकडे फारसं गांभीर्याने पाहिलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं. दारू सोडवणं किती कठीण असतं हे ज्याने घरात पाहिलंय त्याला यातली किमया कळेल. सेवक झालेला माणूस एकटा दारू सोडत नाही. नियम पूर्ण घराने पाळायचे असतात, मार्गदर्शक असतो, सेवकांच्या चर्चा बैठका असतात, तिथे माणसं आपले अनुभव सगळ्यांसमोर सांगतात. पतव्यवहार आणि दूधव्यवसायासाठी सहकारी संस्थाही या मंडळींनी उभ्या केल्या. म्हणजे दारू सुटल्यावर हातात राहणाऱ्या पैशाचं काय करायचं, याचाही विचार झाला.

तरी एक गोष्ट बोलायलाच हवी. नियमांवर उभ्या राहणाऱ्या सगळ्याच पंथांत एक धोका असतो. दुःख आलं म्हणजे कुठेतरी नियम मोडला असणार, अशी समजूत हळूच शिरते. आजारी पोराच्या आईला मग डॉक्टरच्या आधी स्वतःचं मन तपासावं लागतं. जबाबदारीची जागा अपराधाची भावना घेते आणि ती बहुतेक वेळा घरातल्या बाईच्याच खांद्यावर येऊन बसते.

दारूचा प्रश्न कायद्यानेही सोडवून पाहिला गेला. वर्धा जिल्हा गांधीजींमुळे सत्तरच्या दशकापासून कोरडा. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली, तीही वरून आली नाही, तिच्यामागे गावागावांतलं मोठं आंदोलन होतं. २०१६ पासून तिथे डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने शासनाच्या आणि टाटा ट्रस्टच्या सोबतीने ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम चालवला, त्यात बंदीसोबत गावसंघटना आणि उपचार दोन्ही आहेत. चंद्रपूरच्या बायका तर डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनापर्यंत चालत आल्या होत्या. १ एप्रिल २०१५ पासून त्या जिल्ह्यात बंदी आली. २०२१ मध्ये ती उठली. अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, महसूल बुडाला, ही कारणं दिली गेली. ही कारणं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. पण ज्याला प्यायची त्याने जबाबदारीने प्यावी, हा जो युक्तिवाद तेव्हा जोरात केला गेला तो मला पटत नाही. नवऱ्याची मजुरी दुकानात जाते आणि जबाबदारी मात्र घरी थांबलेल्या बाईने घ्यायची, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होतो. सरकारला दारूतून महसूल हवा असेल तर व्यसनमुक्तीचा खर्चही त्याच हिशेबात लिहिला पाहिजे. बंदी फसली तिथे ती एकटी पडली म्हणून फसली. गावाची समिती नाही, उपचार नाहीत, पोलिसांची इच्छा नाही, आणि फक्त आदेश.

या सगळ्या प्रश्नाचं सर्वांत क्रूर रूप विदर्भाने शेतकरी आत्महत्यांच्या निमित्ताने पाहिलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत मिळते. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. नापिकी आहे का, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं आहे का, परतफेडीचा तगादा होता का, जमीन कुणाच्या नावावर आहे, हे सगळं पाहिलं जातं. नातेवाइकाकडून, कृषी केंद्राकडून, विनापरवाना सावकाराकडून घेतलेलं कर्ज कागदावर येत नाही. सातबारा म्हाताऱ्या बापाच्या नावावर आणि औत धरणारा मुलगा गेला, तर नाव जुळवताना अडचण येते. बाई शेती करत होती तर अडचण आणखीच. उरतं काय? तो दारू प्यायचा, घरात भांडण होतं, पोरीच्या लग्नावर खर्च केला, आजारपण होतं. प्रकरण अपात्र ठरतं. एका माणसाच्या मरणाचं कारण खासगी होतं की सार्वजनिक, हे एका कागदावरच्या खुणेने ठरतं. आणि ज्या घरात पोरीचं लग्न साधेपणाने केलं तर सोयरे-धायरे वर्षानुवर्षं बोलून दाखवतात, त्याच घराला नंतर विचारलं जातं की एवढा खर्च केला कशाला.

१ जुलै २००६ रोजी तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या दौऱ्यात सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर केली. शेतकऱ्यांसाठी अमरावतीला स्थापन झालेल्या सरकारी मिशनच्या नावातच स्वावलंबन आहे. कोरडवाहू कपाशी करणाऱ्या माणसाकडे पाणी नाही, भावाची हमी नाही, पीकविम्याचा हिशेब त्याच्या हातात नाही. त्याच्याकडून स्वावलंबनाची अपेक्षा करताना या तीन गोष्टींचा क्रम आधी लावायला हवा होता. पुढच्या काळातली एक गोष्ट मात्र मनापासून चांगली म्हणावी अशी आहे. २०१५ मध्ये आरोग्य विभागाने ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशा ताई घरोघर जाऊन कोण गप्प गप्प राहतं, कुणाची झोप उडालीय, याची विचारपूस करू लागल्या आणि गरज असेल त्याला उपचारापर्यंत नेऊ लागल्या. इथे कुणी त्या माणसाला मन खंबीर कर म्हणून सोडून दिलं नाही. कापसाचा भाव त्याने वाढला नाही हे खरं, पण दारात येऊन विचारणारं माणूस मिळालं.

बचत गटांचं थोडक्यात सांगतो. दहा-बारा बायका एकत्र येऊन पै-पै जमवतात, एकमेकींना जामीन राहतात, ही कल्पना सुंदर आहे आणि तिने असंख्य घरांतल्या बाईचा आवाज वाढवला. पण पुढे तोच एकमेकींचा जामीन मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या वसुलीचं साधन झाला. एकीचा हप्ता थकला की बाकीच्या तिच्या दारात. मैत्रिणींनाच वसुली अधिकारी करून टाकलं. नोटाबंदीनंतर विदर्भातल्या बायकांनी या वसुलीविरुद्ध मोर्चे काढले ते याच घुसमटीतून. माणसं सोबत आहेत एवढ्याने काम भागत नाही, ती कशासाठी सोबत आहेत हेही पाहावं लागतं.

आणि आता आजचं नागपूर. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये सरकारच्या ताब्यात गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. त्या जागेवर आज मॉल आहे. भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तिवेतनाचा जो प्रयोग इथून सुरू झाला, त्याचा लाभ इथल्याच तरुण पिढीतल्या अनेकांना आता मिळत नाही. डिलिव्हरी करणारा, कंत्राटावर शिकवणारा, कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणारा, ही सगळी मुलं स्वतःच्या जबाबदारीवर आहेत. अपेक्षा मात्र जुन्या गिरणीकामगारापेक्षा कितीतरी वाढल्या आहेत. कुणाच्याही घरी लग्नाला गेलं की प्रश्न ठरलेले. पोरगा लागला का कुठे? पॅकेज किती? पुण्याला आहे का? अजून इथंच आहे? मुलीला हे सगळं विचारून वर, स्थळं पाहताय ना? नोकरी करणाऱ्या सुनेने पगारही आणायचा आणि महालक्ष्म्यांचं सगळं करणंसवरणंही सांभाळायचं, ही अपेक्षा तर कुणाला अपेक्षासुद्धा वाटत नाही.

या प्रश्नांना तोंड देण्यासाठी मुलं अभ्यासिका गाठतात. धंतोलीपासून नंदनवनपर्यंत, कुठल्याही गल्लीत महिन्याच्या पैशावर खुर्ची मिळते. भिंतीवर सुविचार, कानात पहाटे उठण्याचे फायदे सांगणारा कुणीतरी. आत्मसुधारणेचा हा बाजार इंग्लंडमध्ये सॅम्युअल स्माइल्सने १८५९ मध्ये स्वतःच्या प्रयत्नांनी पुढे येण्यावरचं आपलं पुस्तक छापलं तेव्हापासून चालत आलाय, पण पूर्वीच्या कीर्तनकाराला समोरच्या गावात दुसऱ्या दिवशीही जावं लागत असे. आता बोलणारा आणि ऐकणारा एकमेकांना कधीच भेटत नाहीत. परीक्षेच्या तारखा पुढे ढकलल्या, भरती रखडली, पेपर फुटला, तरी व्याख्यान तेच: तुझी मेहनत कमी पडली. पाच-सहा वर्षं स्पर्धा परीक्षा दिलेला मुलगा घरी परततो तेव्हा त्याला आपण हरलो असं वाटतं. काही हजार जागांसाठी लाखो अर्ज येतात ही गोष्ट त्याच्या चारित्र्याची नसून पदांच्या संख्येची आहे, हे त्याला घरातलं कुणीच सांगत नाही.

शिकवणी वर्गांबाबत केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, रँकची खोटी हमी देऊ नये, मानसिक आधाराची सोय असावी. सूचना योग्य आहेत. पण आठवीतच पोराला वर्गात घालणारा बाप हा क्रूर नसतो. सरकारी शाळेवरचा विश्वास उडालेला, शेजाऱ्याचा पोरगा पुढे जाईल या भीतीने जागा राहणारा तो माणूस असतो. त्याची भीती कमी करायची तर सूचनापत्रापेक्षा मोठं काहीतरी लागेल. अकरावी-बारावीच्या सरकारी वर्गांत शिक्षक लागतील.

या शहराने अलीकडेही वेगळी वाट काढून दाखवली आहे. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल दिला आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं त्यांना दिसली होती. त्यांनी त्या मुलांना व्यसनावर प्रवचन दिलं नाही. चेंडू दिला, मैदान दिलं, वेळ ठरवली आणि स्वतः तिथे हजर राहिले. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’मुळे ही गोष्ट देशभर गेली. पण चित्रपटात मावत नाही ते वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी मैदानावर जाणं. वेळेवर येणं, संघासाठी धावणं, हरल्यावर दुसऱ्या दिवशी परत येणं, हे सगळं मुलं शिकली, कारण त्यांची वाट पाहणारं कुणीतरी तिथे होतं.

याचा अर्थ माणसाची स्वतःची जबाबदारी संपते असा नाही, आणि तसं म्हणणाऱ्यांशी माझं मुळीच जमत नाही. दारूचा ग्लास शेवटी हात उचलतो. दीक्षाभूमीवर प्रतिज्ञा प्रत्येकाने आपल्या तोंडाने म्हटली, दुसऱ्या कुणी त्याच्या वतीने म्हटली नाही. परिस्थितीचं कारण पुढे करून बायकोला मारणारा नवरा निर्दोष होत नाही, आणि शिकायची सोय समोर असताना ती नाकारणाऱ्याला समाजाने उचलून न्यावं असंही नाही. गरिबाला जबाबदार धरणं म्हणजे त्याला माणूस म्हणून मानणं, हे बाबासाहेबांनी १९४२ च्या मांडवात दाखवून दिलं. माझा आक्षेप आहे तो अर्धाच भाग घेण्यावर. त्या परिषदेतलं भाषण आपण उचललं आणि ठराव मागे ठेवले.

ते ठराव आजही उघडून पाहण्यासारखे आहेत. पगारी रजा, इजेची भरपाई, म्हातारपणीची सोय, मुलींचं वसतिगृह. बिडी वळणाऱ्या बाईसाठी मागितलेली ही यादी आज नागपुरातल्या घरकाम करणाऱ्या बाईला, डिलिव्हरीच्या पोराला, तालुक्याहून अभ्यासिकेत आलेल्या मुलीला जशीच्या तशी लागू पडते. त्यातली किती कलमं त्यांना मिळाली हे महापालिकेने, कामगार खात्याने आणि विद्यापीठाने दरवर्षी मोजून जाहीर करावं. त्या आकड्यांच्या शेजारी मग खुशाल लिहावं, की तुम्हीही तुमचा भाग करा.